भोकं बुजलेली साबणाची डबी

गेल्या दिवाळीच्या आधी एका रविवारी सकाळी मी माझ्या राहत्या घराला लाल चिठ्ठ्या लावल्या. हे वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे बँकेची जप्ती आली असेल, तर तसं काही नव्हतं. जप्ती परवडली असती, असं मत घरात नंतर पडलं, पण ते नंतर.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंमध्ये खोट काढायची आणि महिनाअखेरीस त्याचा पगार घ्यायचा. माझ्या पत्रिकेतली एवढी एकच गोष्ट बरोबर जुळली, असं बायको म्हणते. तर आमच्या कंपनीत जपानी लोकांची आवराआवरीची एक पद्धत आली. फाइव्ह-एस म्हणतात तिला. तिची पहिली पायरी अशी, की वर्षभरात जिला हात लागला नाही अशा प्रत्येक वस्तूला लाल चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या: वस्तूचं नाव, तिच्यातला दोष आणि निर्णय. आठवडाभर वाट बघायची. ज्याला ती वस्तू हवी असेल त्याने यावं, कारण सांगावं आणि सोडवून न्यावी. कोणीच आलं नाही, तर भंगार.

या पद्धतीत आमच्या डिपार्टमेंटला फिरती ढाल मिळाली आणि माझा फोटो नोटीस बोर्डावर लागला. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत, पण ढाल स्पष्ट दिसते. तेवढ्यावर मी हवेत गेलो. कंपनीत जे जमलं ते घरात का जमू नये, असं वाटलं आणि उरलेल्या चिठ्ठ्यांचं एक बंडल बॅगेत घालून घरी आणलं.

घर निगडी प्राधिकरणात. तिसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमचं. माणसं चार. मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि माझे वडील, म्हणजे अण्णा. अण्णा विशीत नगरकडून पिंपरीला आले, एका कंपनीच्या फौंड्रीला, म्हणजे लोखंड ओतायच्या खात्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. शहरात जन्म गेला, पण जीभ अजून गावाकडचीच आहे.

त्या रविवारी बायको भाजीला गेली होती, अण्णा बागेत त्यांच्या मंडळींबरोबर बसायला गेले होते आणि मुलगी झोपली होती. असं मोकळं मैदान मला वर्षातून एखाद्याच वेळी मिळतं. दीडेक तासात मी स्वयंपाकघर, माळा, दोन्ही खोल्यांची कपाटं आणि बाल्कनी उरकली. कंपनीतली सवय हाताला होतीच. वस्तू उचलायची, फिरवून बघायची, खोट लिहायची, पुढे सरकायचं.

बायको आली. दोन्ही हातांतल्या पिशव्या खाली न ठेवताच तिने घरभर नजर फिरवली.

"हे काय आहे?"

मी पद्धत समजावून सांगितली. तिने पुरणयंत्रावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली. "पुरणयंत्र. दोष: वर्षातून एकदाच वापर. निर्णय: भंगार." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "होळीला तुमच्या ताटात हीच चिठ्ठी वाढते. तूप घालून."

दहा मिनिटांत तिने आपल्या सगळ्या वस्तू सोडवून घेतल्या. कारण वगैरे काही सांगितलं नाही. काढलेल्या चिठ्ठ्या मात्र फुकट घालवल्या नाहीत. एक माझ्या व्यायामाच्या सायकलला लागली, एक इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या माझ्या पुस्तकांच्या गठ्ठ्याला. सायकलच्या चिठ्ठीवर दोषाच्या जागी तिने 'मालक' असं लिहिलं.

मुलगी डोळे चोळत उठून आली, आपल्या टेडी बेअरच्या कपाळावरची चिठ्ठी बघून परत जाऊन झोपली. जाताना म्हणाली, "बाबा, पाच मिनिटांत ते निघालं नाही, तर मी आजीच्या गावाला जाऊन राहीन." तिची आजी, म्हणजे बायकोची आई, वाकडला राहते, आमच्यापासून अर्ध्या तासावर.

अण्णा सगळ्यांत शेवटी आले. पाय धुतले आणि हात पाठीमागे बांधून, कंपनीची नोटीस वाचावी तशी एकेक चिठ्ठी वाचत घरभर फिरले. त्यांना गंमत वाटत होती. "लई काम केलंस," असं दोनदा म्हणाले. मग आपल्या खोलीत गेले. त्यांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात त्यांचं जुनं हेल्मेट, लोखंडी टोपणाचे बूट आणि एक गुलाबी प्लास्टिकची साबणाची डबी होती. तिन्हींना मी चिठ्ठ्या लावल्या होत्या. अण्णा वाकले. डबी हातात घेतली, झाकण काढलं, खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आत चिकटवलेली चिठ्ठी वाचली. बराच वेळ वाचली. तीन ओळींना एवढा वेळ लागत नाही.

"हे तूच लिहिलंस?"

"हो. का?"

"अक्षर चांगलंय," असं म्हणून त्यांनी झाकण लावलं, डबी होती तिथेच, होती तशीच ठेवली आणि आडवे झाले.

मला वाटलं, चला, घरात एकाला तरी पद्धत कळली.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये मी हे शेजारच्याला सांगितलं. तो म्हणाला, "राव, घरी फाइव्ह-एस केलं? जेवण चालू आहे का अजून?" मी म्हटलं, चालू आहे, फक्त वाढताना ताट जरा जोरात आपटतं. पण वडिलांचा पाठिंबा आहे. तो म्हणाला, "भावा, वडील गप्प बसले म्हणजे पाठिंबा नसतो." मी खिडकीबाहेर बघायला लागलो. तळवड्याच्या चौकात बस अडकली होती, बघण्यासारखं तसं बरंच होतं.

आठवडा गेला. अण्णांनी बूट सोडवले. बागेत पाणी घालायला उपयोगी आहेत, असं कारणही रीतसर दिलं. हेल्मेट सोडवलं, "डोक्यावरचं हाय, टाकू न्हाई," म्हणून. डबीचं नाव काढलं नाही. मला त्यात काही खटकलंही नाही. साबणाची जुनी डबी, त्यात साबणही नाही. कोण कशाला सोडवेल.

पुढच्या रविवारी सकाळी भंगारवाला आला. त्याच्याशी बोलायचं काम आमच्याकडे कायम अण्णांचं. त्याच्या काट्यावर अण्णांचा विश्वास नाही आणि दोघांची दर वेळी जुंपते. भांडण संपलं की दोघं एकत्र चहा पितात. त्या दिवशी अण्णा खोलीतून बाहेर आलेच नाहीत. भंगारवाल्यालाही चुकल्यासारखं झालं. "बाबा बरे आहेत ना?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत, झोपलेत. प्लास्टिकचं सगळं त्याने एका पोत्यात भरलं आणि गेला.

दुपारी चहाला चौघं बसलो होतो. घर खरंच मोकळं वाटत होतं. मी तसं बोलूनही दाखवलं, कुणी दुजोरा दिला नाही. अण्णांनी बशीतला चहा अर्धा प्यायला, मग विचारलं, "ते प्लास्टिकचं काय करतात रे पुढं?"

"रंगाप्रमाणे, जातीप्रमाणे वेगळं करतात. मग वितळवतात."

"वितळवतात व्हय." बशी थोडा वेळ तशीच त्यांच्या हातात राहिली. "मग परत डबीच व्हत आसंल त्याची, न्हाई का?"

"कसली डबी?"

"न्हाई, आसंच."

मी बिस्किट बुडवून खाल्लं. क्वालिटीत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाची नजर अशी असते. बायकोने मात्र कप खाली ठेवला आणि खुर्ची अण्णांकडे वळवली.

"अण्णा, कसली डबी?"

"जाऊ दे गं. जुनी व्हती. बिनकामाची."

"बिनकामाची होती, तर आठवडाभर भाकरी का टाकताय ताटात?"

हे मला माहीत नव्हतं. मी सातच्या बसने जातो आणि रात्री अण्णांचं जेवण उरकल्यावर येतो, असा बचाव माझ्याकडे होता. पण विचारलं कुणीच नाही.

अण्णांनी चहा संपवला. मग सांगितलं. माझ्याकडे न बघता, सुनेला सांगितलं.

फौंड्रीत वाळूची बारीक धूळ सतत उडते. ती घशात बसू नये म्हणून कंपनी रोज प्रत्येक कामगाराला गुळाचा एक खडा द्यायची. अण्णा तो खडा जेवणाच्या डब्यात ठेवून घरी आणत, माझ्यासाठी. हे मला पक्कं आठवतं. पिंपरीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या, रस्त्याच्या कडेलाच. पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी मी उंबऱ्यावर बसलेला असे. अण्णांच्या सायकलला घंटी नव्हती, पण मागच्या चाकाचा एक खडखड आवाज होता, तो लांबूनच कळायचा. तो गूळ काळसर होता, जरा खारट. त्या चवीचा गूळ मी पुढे कुठे खाल्ला नाही.

"गूळ आठवतोय मला," मी म्हटलं.

"गूळ आठवंल की. खाल्लास तू." अण्णा अजून सुनेकडेच बघत होते. "पण डब्यात लसणाची चटणी आसायची. गुळाला वास लागायचा. ह्यो नाक मुरडायचा. येकदा आईसंगं बाजारात गेला आन् खाऊच्या पैशातनं साबणाची डबी घिऊन आला. गुलाबी. वर हंस. मला म्हनला, अण्णा, तुमाला आणली, ह्यात गूळ आणा."

मुलगी खुदकन हसली. "म्हणजे गिफ्ट आजोबांना आणि फायदा स्वतःचा."

"व्हय. लहानपणापासनं हुशार हाय."

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. बाजार आठवेना, हंस आठवेना. गूळ कशातून यायचा, हे चित्रच डोळ्यांपुढे येईना. सहा-सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात गूळ राहिला आणि डबी कुठे गळून गेली कोण जाणे.

"आता साबणाच्या डबीला बुडाला भोकं आसतात," अण्णा सांगत होते. "पानी निथळायला. उन्हाळ्यात फौंड्रीच्या धगीनं गूळ पाघळला आन् भोकातनं सगळा पँटीच्या खिशात. घरी आलो तर मुंग्या. ह्याची आई म्हनाली, द्या ती डबी फेकून. मी म्हनलं, आगं, पोरानं दिलीय." इथे ते थांबले. आई जाऊन बरीच वर्षं झाली, तिचं वाक्य सांगताना ते अजूनही एक श्वास थांबतात. "मग आमच्या मोरीतला प्लास्टिकचा निळा मग फुटला व्हता, त्याचा तुकडा नेला. कंपनीत सळई तापवली. तुकडा वितळवून येकेक भोक बुजवलं. खालनं निळे टिपके दिसायचे, पण आतनं गुळगुळीत. गूळ भाईर येईना. ह्याला काय बोललो न्हाई. येवढ्या हौसेनं आणली, त्यात खोट हाय म्हनून पोराला कशाला सांगा."

आता माझ्या लक्षात आलं. हळूहळू नाही, अंगावर उकळता चहा सांडावा तसं एकदमच. चिठ्ठीवर मी काय लिहिलं होतं ते शब्दन् शब्द डोळ्यांपुढे उभं राहिलं. साबणाची डबी, एक. दोष: तळाची भोकं बुजलेली. निर्णय: भंगार.

"अण्णा, मग तुम्ही सोडवली का नाही ती? बूट सोडवले, हेल्मेट सोडवलं."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. जरा ओशाळून, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं.

"तू लिव्हलं व्हतंस ना, भोकं बुजलेली म्हनून. मला वाटलं, ह्याला आठवतंय. येवढ्या वर्षांनी बघितलं आन् कळलं, की आपण दिलेली वस्तू बापानं खराब केली. दोष माझाच व्हता. मग कुठल्या तोंडानं सोडवायची?"

"मला आठवतच नव्हतं, अण्णा. डबी मी दिलेली हेच आठवत नव्हतं. आताही आठवत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता खरं दुखावले. आपण दिलेली वस्तू माणूस विसरतो, ही काय सांगायची गोष्ट आहे. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होत गेला, खांदे खाली आले.

"इसरलास व्हय?" ते म्हणाले. "मग बरं झालं. मला वाटलं, आठवून लावलीस."

बायको उठली. कप गोळा करता करता मला म्हणाली, "बसून काय राहिलात? चप्पल घाला." मुलीने स्कूटरची किल्ली आधीच घेतली होती.

सोसायटीच्या वॉचमनकडे भंगारवाल्याचा नंबर होता. फोन केला तर तो म्हणाला, माल गोडाउनला टाकला, चिखलीच्या रस्त्याला पत्र्याची हिरवी शेड आहे, बघा मिळतंय का. मुलगी स्कूटर चालवत होती, मी मागे बसलो होतो. एरवी मी तिला ब्रेक, इंडिकेटर, खड्डा असं सांगत असतो. त्या दिवशी गप्प होतो. दोन चौक गेल्यावर तिनेच मागे वळून विचारलं, "बाबा, बरे आहात ना?"

शेडमध्ये प्लास्टिकचा ढीग माझ्या डोक्याच्या वर होता. बादल्या, खुर्च्या, तेलाचे डबे, मोडकी खेळणी. मालकाने आमचं म्हणणं ऐकून घेतलं, माझ्या पँटीकडे बघितलं आणि एक जुनं पोतं दिलं, कमरेला गुंडाळायला. "शोधा," म्हणाला. "लोक येतात अधूनमधून. बहुतेक कवळी शोधायला येतात."

ढिगाच्या कडेला माझ्या अक्षरातल्या लाल चिठ्ठ्या दिसायला लागल्या. गळका जग, दोष: गळती. चाळणी, दोष: जाळी फाटलेली. आपलंच अक्षर असं कचऱ्यातून आपल्याकडे बघतंय, हे काही बरं दिसत नाही. प्रत्येक चिठ्ठीवर मी किती ठामपणे लिहिलं होतं.

साबणाच्या डब्या बऱ्याच निघाल्या. गुलाबीसुद्धा. महाराष्ट्राने एके काळी गुलाबी डबीशिवाय दुसरी डबी घेतलीच नसावी. आम्ही दोघं एकेक उचलून उलटी करून बघत होतो. भोकं मोकळी, टाक. भोकं मोकळी, टाक. जी डबी चांगली ती नको, असं काम मी आयुष्यात पहिल्यांदाच करत होतो.

शोधता शोधता मुलगी म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला आइस्क्रीमच्या काड्यांचा पेन-स्टँड केला होता म्हणे दुसरीत. आई म्हणते, तुम्ही कंपनीत नेला."

"आहे तो. माझ्या टेबलावर."

"फाइव्ह-एसमध्ये चालतो?"

"नाही चालत. त्यात पेन उभं राहत नाही, कलंडतं. ऑडिटच्या दिवशी ड्रॉवरमध्ये ठेवतो, रुमालात गुंडाळून. ऑडिट संपलं की बाहेर."

"म्हणजे लपवता."

"लपवत नाही. काड्या सुटायला आल्यात, धक्का लागू नये म्हणून."

ती हातातली डबी टाकून हसायला लागली. मग जरा वेळाने म्हणाली, "मला आठवतही नाही हो तो केलेला."

मी पुढची डबी उचलली. दुसरीतली ती, समोरचे दोन दात पडलेले, बोटांना डिंक लागलेला, काड्या चिकटवताना जीभ बाहेर काढून बसलेली. कंपनीचा युनिफॉर्म न बदलताच मी दारात उभा राहून बघत होतो. मला तर डिंकाचा वाससुद्धा आठवतो. आणि ते करणारी माझ्यासमोर उभी होती, तिला काहीच माहीत नव्हतं. त्यात तिची काही चूक आहे, असं मला वाटलं नाही. मग माझी चूक नक्की कुठली, हे मी मनात शोधत राहिलो. विसरलो ही नव्हे. डबी उचलली, फिरवून बघितली, निळे टिपके दिसले, आणि ही भोकं कुणी आणि कशाला एवढी निगुतीने बुजवली असतील, असा प्रश्न मला पडला नाही. कंपनीत खोट दिसली की आधी कारण शोधायचं असतं. तेही शिकवलंय आम्हाला, ढाल मिळवायच्या आधीच.

"बाबा," मुलगी म्हणाली.

तिच्या हातात एक डबी होती, उपडी. फिकट गुलाबी तळावर निळे टिपके होते, ओबडधोबड, एकेकाला सळईचा दाब दिलेला. सुलटी केली तर आत माझी लाल चिठ्ठी. झाकण नव्हतं. आणखी अर्धा तास शोधूनही ते मिळालं नाही. शेवटी मालकच म्हणाला, "साहेब, राहू द्या आता, अंधार होईल." मी पोतं सोडून त्याला परत दिलं.

अण्णा बाल्कनीत उभे होते. आम्ही वर येईपर्यंत दारात आले. मी डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी ती उलटी केली आणि तळावरून अंगठा फिरवला, एकेका टिपक्यावरून.

"झाकण नाही मिळालं, अण्णा. हंस गेला."

"हंस कवाच पुसला व्हता. नुसतं झाकण व्हतं." अंगठा अजून फिरतच होता. "ह्ये बघ, ह्यो शेवटचा टिपका. ह्याला जरा जास्त तापली सळई. बोट भाजलं व्हतं."

मग मी विचारलं, जे मला दुपारपासून विचारायचं होतं. घशासाठी दिलेला गूळ तुम्ही रोज मला आणून दिलात, मग तुमच्या घशाचं काय? अण्णांचा खोकला आम्ही सगळेच वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

"आर्धा मी खायचो," ते म्हणाले. "उरलेला आणायचो. उगं मोठेपणा कशाला सांगू." सुनेकडे बघून म्हणाले, "कवा कवा पुराच खायचो. मग ह्याला सांगायचो, आज दिलाच न्हाई कंपनीनं."

बायको पदर तोंडाला लावून हसली. मी तेवढ्यात नखाने डबीतली चिठ्ठी खरवडायला घेतली. तिचा गोंद कंपनीचा, सहज सुटणारा नव्हे. एक कोपरा कसाबसा उचलला होता, तर अण्णांनी माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे."

"अहो, भंगार लिहिलंय तिच्यावर."

"लिव्हलंय ते आसू दे. अक्षर तुझं हाय." उचललेला कोपरा त्यांनी अंगठ्याने दाबून परत बसवला. मग खोलीत गेले आणि डबी खालच्या कप्प्यात हेल्मेटच्या शेजारी ठेवली. तिच्यात काहीही ठेवलं नाही. ना साबण, ना गूळ. जपानी माणसाने बघितलं असतं तर परत चिठ्ठी लावली असती.

त्या रात्री त्यांनी भाकरी पूर्ण खाल्ली. मी उरलेल्या चिठ्ठ्यांचं बंडल शोधत होतो, सोमवारी कंपनीत परत न्यायला. ते बायकोच्या हातात होतं. ओट्याशी उभी राहून तिने त्यातली एक चिठ्ठी सोडवली, माझ्याकडे बघितलं, माझ्या शर्टाकडे बघितलं आणि परत बंडलात घालून बंडल मला दिलं.

"तुम्हालाच एक लावून दारात ठेवावं, असं आठवडाभर मनात होतं," ती म्हणाली. "पण काय उपयोग. अण्णा लगेच सोडवून आणतील."